बिशपांची चापट

"मग मला मिळालेला आत्मा गेला कुठे, फादर? की मिळालाच नव्हता?"

एवढं विचारून नातालीन बाकावर धपकन बसली. बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पाय दुखत होते, म्हणून बसली.

समोर फादर कायतान वालाच्या शेंगा सोलत होते. वसईत थकल्याभागल्या धर्मगुरूंसाठी एक घर आहे, तिथल्या ओसरीत त्यांचे दिवस चालले होते. डोळे पार गेलेले. माणूस आवाजावरून ओळखायचा, नाहीतर वासावरून.

"कोणता आत्मा?"

"कोणता म्हणजे? पवित्र आत्मा! दृढीकरणाच्या दिवशी, कपाळाला तेल लावून बिशपांनी दिलेला. तुम्ही शेजारीच होतात. तुम्हीच तर पाठ करून घेतलं होतंत. आत्म्याची सात दानं अजून झोपेत म्हणून दाखवीन."

"नको. झोपेत झोप."

झोप! नातालीनला हसू आलं नाही. झोप कशाशी खातात हे विसरायची तिच्यावर वेळ आली होती.

साधीसुधी बाई नव्हे ही. गावातल्या पोरांना धर्मशिक्षण देता देता केस पांढरे झालेले. चर्चमध्ये तिच्यापुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. नव्या फादरांचं प्रवचन लांबलं की पहिल्या बाकावरून अशी खोकायची, की ते बिचारे आमेन म्हणून मोकळे होत.

आणि आता ही बाई माघार घ्यायला आली होती.

"रविवारी माझ्या वर्गातल्या सेलियाचं दृढीकरण आहे," ती म्हणाली. "पोरीला आई नाही. धर्ममाता म्हणून मलाच मागितलंय तिने. बिशप कपाळाला तेल लावतील, तेव्हा मी मागे उभं राहून खांद्यावर हात ठेवायचा. मी नाही ठेवणार. तुम्ही नव्या फादरांना तसं कळवा."

"का?"

"आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

फादरांनी एक शेंग सोलली. दाणे ताटलीत पडले.

"आड कोरडा आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"शिबिरात कळलं. आत्म्याचं शिबिर होतं, तिथे गेले होते. डोक्यावर हात ठेवला की माणसं धाडधाड पडत होती. कुणी रडतंय, कुणी अनोळखी भाषेत बोलतंय. आमची मार्सेलीन... जिला धड मराठीत भांडता येत नाही, ती घडाघडा बोलत सुटली."

"आणि तू?"

"उभी. भिंतीसारखी. मला झेलायला दोघं जण मागे हात पसरून उभे होते. त्यांचे हात भरून आले. शेवटी एक जण म्हणाला, बाई, निदान बसून तरी घ्या."

फादर खो खो हसले. हसता हसता ठसका लागला.

"हसा. सगळं गाव हसलं, तुम्हीच राहिला होतात."

ठसका थांबला. तेव्हा म्हातारबुवांनी विचारलं, "तुझ्या दृढीकरणातलं तुला काय आठवतं?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती...

"चापट," ती म्हणाली. "त्या काळी तेल लावून झालं की बिशप गालावर चापट मारायचे. ख्रिस्तासाठी मार सोसायची तयारी, असं तुम्ही समजावलं होतंत. आम्ही पोरी नुसत्या भीतीने अर्ध्या झालो होतो."

"लागली?"

"कसली लागतेय! माशी हाकलावी तशी."

"मग खरी चापट राहिलीच म्हणायची."

नातालीन वैतागून उठली. "कोडी घालायची असली तर जाते मी. घरी म्हातारी एकटी आहे."

"तुझ्या इनासची आई? कशी आहे गं सासू?"

नातालीन उठली होती, ती पुन्हा बसली. ह्या प्रश्नाला उभ्याने उत्तर देण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं.

"मला ओळखत नाही आता. चोर समजते. जेवण भरवलं की विष म्हणते. आज सकाळी वेणी घालत होते, तर गर्रकन वळली आणि फाडकन थोबाडीत ठेवून दिली. मला! ह्या वयात!"

"लागली?"

"डोळ्यांपुढे काजवे चमकले, फादर."

"मग काय केलंस?"

"काय करणार? वेणी घातली."

"का?"

"का म्हणजे काय? अर्धी सोडून चालतं का? गुंता होतो. मग दुसऱ्या दिवशी विंचरताना म्हातारीलाच दुखतं."

"राग आला नाही?"

"येत होता की. पण हातात वेणी होती."

फादरांची बोटं शेंगेवरच थांबली. वाडीतल्या केळीची पानं फडफडली आणि निवली...



मग फादरांनी हात पुढे केला. आशीर्वाद देतायत असं वाटून नातालीनने सवयीने डोकं वाकवलं. पण हात डोक्यावर आलाच नाही. त्यांनी चाचपडत तिचा उजवा हात धरला, वर उचलला आणि नाकाजवळ नेला.

"खोबरेल," ते म्हणाले.

"म्हातारीच्या केसांचं. साबण लावला तरी वास म्हणून जात नाही." तिला लाज वाटली. तिने हात ओढून घेतला. "मग कळवताय ना नव्या फादरांना?"

फादर कायतानांनी पुन्हा शेंग हातात घेतली.

"मी कुणाला काही कळवत नाही. तू मात्र रविवारी येताना हात धुऊ नकोस."