मातीच्या खाणी बुजवणारा वैद्य

फार पूर्वी चंपकनगरीत सुदर्शन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व नगराबाहेरच्या कुंभारवस्तीत वैद्य होते. पावसाळा सरला की वस्तीत हिवतापाची साथ येई. माणसे गोधड्यांखाली कुडकुडत, आणि बरा झालेला वैद्याच्या दारी धान्य आणून ओती. त्या घराची वर्षाची बेगमी त्यातूनच होई.

वस्तीत सोमिला नावाची कुंभाराची सून होती. लेखनिकाची लेक, लिहिता-वाचता येणारी, आणि स्वभावाने घाबरट. तिची लेक मेखला नुसती शिंकली तरी सोमिला रात्रभर तिच्या उशाशी बसून राही. आपण उगाच घाबरतो हे तिला कळत होते. कळून काही उपयोग होत नव्हता, इतकेच.

मेखलेला हुडहुडी भरून ताप आला. बोधिसत्त्वांनी कडू सालीचा काढा दिला नि बजावले, "ताप उतरला तरी थांबवू नकोस. हा ताप दडी मारून बसतो."

दुसऱ्या दिवशी पोर अंगणात खेळू लागली. काढा दिसताच तिने तोंड घट्ट मिटले. सासू म्हणाली, "अगं, लेकरू नाचतंय नि तू त्याला कडूजहर काय पाजतेस? चार अक्षरं शिकलीस म्हणून भीतीसुद्धा पोथीतून आणतेस होय?"

सोमिलेला वाटले, खरेच आहे. एकदा तरी शहाण्यासारखे वागावे. तिने काढा परसात ओतून टाकला.

एका दिवसाआड ताप फिरून आला. मेखलेचे डोळे फिरले, अंगाला झटके आले. मग ती हाकेला ओ देईना.

"झपाटलंय पोरीला," सासू म्हणाली. "मी मांत्रिकाला आणते. दार लावून घे, पाण्याचा थेंब देऊ नकोस."

सोमिलेने दार लावले नाही. पोरीला खांद्यावर टाकून ती वैद्याकडे धावली. सासूही बडबडत मागोमाग आली.

बोधिसत्त्वांनी मुलीला कुशीवर निजवले, अंग ओल्या फडक्याने पुसले आणि विचारले, "काढा पुरता पोटात गेला का?"

'हो' म्हणणे सोपे होते. सासू ऐकत होती, वैद्याची बायको ऐकत होती.

"नाही," सोमिला म्हणाली. "मी ओतून टाकला."

"सांगितलंस ते बरं झालं. औषध हरलं असतं तर मला दुसरं शोधावं लागलं असतं. ते लढलंच नाही, म्हणजे अजून आशा आहे."

त्यांनी मधाचे बोट मुलीच्या गालाच्या आत फिरवले, काढा थेंबाथेंबाने दिला. उजाडता उजाडता तिने डोळे उघडले. पण डावी मूठ कितीतरी दिवस मिटेना, आणि 'आई' हा शब्द तिच्या ओठी परतायला हिवाळा सरला.

तेवढ्या काळात बोधिसत्त्व वस्तीभर हिंडले. खाण बुजवली की धरणी रुसते, मग माती देत नाही, अशी कुंभारांची समजूत. त्यामुळे जुन्या खाणीही दारादाराशी पाण्याने भरून उघड्या पडलेल्या. त्यात बारीक किडे वळवळत, आणि त्यांचेच डास होऊन तिन्हीसांजेला घरात शिरत. खाण जितकी दाराजवळ, तितका ताप आधी.

"खाणी बुजवायच्या," ते घरी म्हणाले.

"बुजवा हो," बायको म्हणाली. "मग ताप नाही, दारात माणूस नाही, कणगीत दाणा नाही. डास भाजून खाऊ."

"इतकी वर्षं त्यांच्याच जिवावर जेवलो. आता कळल्यावर घास उतरेल का तुझ्या घशाखाली?"

बायकोने उठून स्वतःच टोपली काढून दिली.

कुंभार मात्र हलेनात. तेव्हा सोमिला आपल्या दारच्या खाणीशी आली. धरणी रुसली तर दोष आपल्याच माथी येणार, हे ती जाणून होती. तिने फुटक्या खापरांची टोपली पाण्यात उपडी केली.

"अशी कडेकडेनं काय टाकतेस? मधे टाक," म्हणत सासूने दुसरी टोपली उचलली.

मग सारी वस्ती लागली. माती आता दूरच्या माळावरून येऊ लागली. पुढल्या वर्षी तापाची घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली, आणि बोधिसत्त्व पोटासाठी कुंभारांकडे माती मळायला जाऊ लागले.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची सोमिला म्हणजे ही समोर बसलेली उपासिका. तिची सासू म्हणजे आज तिच्या मांडीवर हट्ट करून रडणारी लेक. वैद्य मीच होतो. ज्या दुखण्यावर आपले पोट चालते, तेच मुळापासून नाहीसे व्हावे म्हणून राबणे, याला करुणा म्हणतात."