माळावरचं दोघांचं सरकार

फार वर्षांपूर्वी माळरानावरच्या प्राण्यांची निवडणूक झाली. बहुमत कुणालाच मिळालं नाही, म्हणून साप आणि मुंगूस या जन्माच्या वैऱ्यांनी मिळून सरकार बनवलं. उघड्यावर अंडी घालणारी टिटवी घरट्याभोवती घिरट्याच घालू लागली. दोघंही अंडी खाणारे!

पण झालं भलतंच. साप घरट्याकडे सरकला, की मुंगूस भर सभेत बोंब ठोकायचं. मुंगूस वळलं, की साप फणा काढायचा. टिटवीची चारही अंडी शाबूत राहिली. तरी रोजच्या कटकटीला वैतागून ती एकदा ओरडलीच, "अहो, राज्य चालवताय ना? मग जरा जुळवून घ्या की!"

त्यांनी जुळवून घेतलं. दुसऱ्या दिवशी टिटवी पाणी पिऊन परतली, तर घरट्यात टरफलांचे दोन ढीग होते, अगदी सारखे.