बायजाची वळणं

उंबरमाचीला पोचलेला पाहुणा आधी पाणी मागतो आणि लगेच विचारतो, वाट एवढी वाकडी का? कड्याच्या मध्यावर आली की ती उजवीकडे जाते, परत डावीकडे येते, एके ठिकाणी तर चक्क वर चढून मग खाली उतरते. मागे एका साहेबानं विचारलं, वाट खोदणारे शुद्धीवर होते ना? होते. शुद्धीवर असूनही माणसं कशी वागतात ते ऐकायचं असेल तर बसा जरा. धापही उतरेल.

आमच्या पणज्यांच्याही आधीची गोष्ट आहे, असं सांगतात. गाव तेव्हाही एवढंच होतं. वरल्या आळीत ढेबे, खालल्या आळीत आखाडे, म्हशी, शेरडं, नाचणीचे चार तुकडे आणि बारा महिने वारा. खाली उतरायला एक नाळ होती, म्हणजे कड्यातली अरुंद घळ, दगडगोट्यांनी भरलेली. पावसाळ्यात तिचा धबधबा व्हायचा आणि गाव वरच अडकून पडायचं. कड्यातून वाट खोदायला हवी हे सगळ्यांना मान्य होतं. ती कुणाच्या दारातून निघावी, एवढंच ठरत नव्हतं.

ढेब्यांचा म्होरक्या धोंडू. त्याचं म्हणणं, वाट वरल्या आळीतून. आखाड्यांचा म्होरक्या लक्षा. त्याचं म्हणणं, खालल्या आळीतून. आणि हे दोघे एकमेकांचे व्याही बरं का! धोंडूची लेक बायजा लक्षाच्या घरी दिलेली. भांडण असलं म्हणून सोयरिकीला दुसरं गाव कुठून आणणार? दरवर्षी बैठक बसायची आणि दरवर्षी मोडायची. एकदा देवीला कौल लावला. तिनं मधलं फूल दिलं. मग मधलं म्हणजे कुणाच्या बाजूचं मधलं, यावर पुढची कितीतरी वर्षं गेली. देवीनंसुद्धा नंतर कौल देणं सोडलं, म्हणे.

गावात ठकूआई नावाची सुईण होती. एकटी राहायची, आवाज दणकट. बैठकीत बसणारा एकेक बाप्या तिच्याच हातावर जन्मलेला. एका आषाढात येसू नावाच्या पोरीचं मूल आडवं आलं. ठकूआईनं होते ते सगळे उपाय केले, मग म्हणाली, हिला खालच्या वैद्याकडे न्या, आता माझ्या हातात काही राहिलं नाही. नाळेला पाणी लोटलेलं. दोर लावून झोळी कड्यावरून सोडायची ठरली. पण कुणाच्या अंगणातून सोडायची? बोलणं सुरू झालं. ते संपायच्या आधी येसू गेली, पोटातल्या जिवासकट. ठकूआईच्या हातात तिचा हात होता.

येसूच्या तेराव्याला जेवणं उरकली आणि पुन्हा वाटेचा विषय निघाला. धोंडू म्हणाला, "मी कवाचा तयार हाय, पर समोरच्यांनी जरा..." लक्षा ताडकन उठला. तेव्हा ठकूआईचा बांध फुटला.

"मेल्यांनो, तुमा एकेकाला म्या ह्या हातांनी वडून काढलंय! आईच्या पोटातनं येताना एकच वाट हुती, तवा न्हाई कुणी बैठक घेतली! आता ऐका. मी निघाले. कड्यात मधी ओटा हाय, तिथं ऱ्हाईन. ज्याला माझी गरज लागंल त्यानं वाट करून यावं. तवर माचीवर पाऊल ठेवणार न्हाई. देवीची आण हाय."

पावसाला उघडीप मिळाली तशी घोंगडी, कोयता आणि नाचणीचं पीठ घेऊन ती नाळेतून उतरली आणि ओट्यावरच्या कपारीत राहिली. दोघे म्होरके तिला आळवायला गेले, वेगवेगळे. धोंडू म्हणाला, लक्षाला समजाव. लक्षा म्हणाला, धोंडूला समजाव. तिनं दोघांनाही दगड भिरकावून परत पाठवलं. मग पाऊस पुन्हा लागला, नाळ भरली, आणि तिला वर यायचं म्हटलं तरी येता येईना.

भादव्यात बायजाचे दिवस भरले. पहिलटकरीण. नवरा तूप विकायला खाली गेला होता, तो तिकडेच अडकलेला. सकाळी कळा सुरू झाल्या. धुकं असं, की अंगणातली म्हैस दिसत नव्हती. कळा येत होत्या, पण मूल सरकत नव्हतं. सासू घाबरली. म्हणाली, ठकूआईच पाहिजे. झोळी बांधायला घेतली. आणि बाहेर दोघे आजोबा, होणाऱ्या एकाच नातवंडाचे, ती झोळी कुणाच्या अंगणातून न्यायची यावर बोलू लागले.

बायजा आत पडून ऐकत होती. येसू तिची मैत्रीण. ती भिंतीला धरून उठली, दारात आली आणि म्हणाली, "तुमचं चालू द्या. मी जाते."

आणि निघालीच. लहानपणी शेरडांमागं तिनं तो कडा पालथा घातला होता. शेरडं जिथून उतरतात तिथून ती उतरायला लागली. ती जागा ना वरल्या आळीची, ना खालल्या.

दोघे व्याही क्षणभर बघत राहिले. मग पहार, कुऱ्हाड, हाताला लागेल ते घेऊन धावले. तिच्यापुढं जाऊन पाय ठेवण्यापुरता दगड फोडायचा, माती खरवडायची, गवत उपटायचं. धोंडू फोडी, लक्षा तिला धरी, थकले की अदलाबदल. सगळं गाव मागं. कळ आली की बायजा बसे. ती बसली की तेवढ्यात तिथं बसण्याजोगी जागा करायची. उठून ती ज्या बाजूला वळेल, तिकडे पुढची पहार.

ओटा धुक्यात दिसत नव्हता. पण पहारीचा आवाज ठकूआईला ऐकू गेला आणि तिनं खालून तोंड सोडलं. "धोंड्या, आंधळ्या, डावीकडं! लक्ष्या, धोंडे लोटू नगंस, खाली मी हाय! तिला धरा रे, माकडांनो!" त्या शिव्यांच्या रोखानं वाट पुढं सरकली. एके ठिकाणी ते फारच खाली गेले. शिव्या वरून यायला लागल्या, तेव्हा कळलं. म्हणून परत चढले.

दुपार कलता बायजा ओट्यावर टेकली. तिथंच कपारीत तिला मुलगी झाली. दोघी जगल्या. बाहेर पावसात दोघे आजोबा एका घोंगडीखाली बसले होते. आतून रडणं ऐकू आलं तसा धोंडू रडायला लागला. लक्षा म्हणाला, "येसूच्या वक्ताला हे जमलं असतं, व्याही."

पुढं होळीपर्यंत खपून त्यांनी वाट रुंद केली, पार खालपर्यंत नेली. कुणीतरी म्हणालं, आता वळणं काढून सरळ करू. बायजानंच अडवलं. "मी बसले तिथं उद्या कुणीतरी बसंल," ती म्हणाली. ठकूआईची आण फिटली. गुडघे गेले होते, म्हणून झोळीत बसून वर आली. वाटभर शिव्या चालूच होत्या, असं सांगतात.

आजही पाऊस सरला की गावातले सगळे बाप्ये वाट दुरुस्त करायला उतरतात. त्या वर्षी बाळंत झालेली सून बाळ घेऊन ओट्यावर उभी राहते. घरात सासऱ्यापुढं जिचा आवाज निघत नाही, ती त्या दिवशी सगळ्यांचा उद्धार करते. कुणी उलट बोलायचं नाही. मध्ये काही वर्षं गावात बाळंतपणच झालं नाही, सगळ्या सुना पुण्याला. मग एखाद्या म्हातारीनं शिव्या दिल्या तर चालतील का, चालल्या तर कुठल्या आळीच्या म्हातारीनं द्यायच्या, यावर बैठका बसल्या. वाट ढासळत गेली. काय बोलायचं!

यंदा आमची, आखाड्यांची, नातसून शीतल बाळ घेऊन आली. मऊ बोलणारी पोर. म्हणाली, "आजोबा, मला शिव्या येत नाहीत." म्हटलं, येईल तेवढं बोल. ती ओट्यावर उभी राहिली. पडझड झालेली वाट तिनं वरपासून खालपर्यंत बघितली. आम्ही माना खाली घालून उभे. मग ती म्हणाली, "बाळाला काही झालं, तर मी इथून उतरू कशी?"

मी सांगणार होतो, की यंदा ढेब्यांनीच आधी... पण उलट बोलायचं नसतं. मी वाकलो आणि दगड उचलला.