आठ टक्के पॅलेडियम

“आणि पॅलेडियम किती घातलंस?”

“आठ टक्के,” प्रज्ञा म्हणाली. हा प्रश्न कधी येतो, याचीच ती वाट पाहत होती.

मेश्राम सर विहिरीकडे बघत राहिले...

विहीर बंद पडलेल्या चामड्याच्या कारखान्यामागे होती. दोन वर्षांपूर्वी गाळ काढायला उतरलेला माणूस तिच्यातून जिवंत वर आला नव्हता. आता गावाला पाणी हवं होतं. गणपत ढवळे आणि त्याचा मेहुणा दोर घेऊन काठावर उभे होते. डॉक्टरबाईंचं, म्हणजे प्रज्ञाचं यंत्र सांगेल, तेव्हा उतरायचं होतं.

यंत्र ओंजळीत मावेल एवढं. आत कथिलाच्या ऑक्साइडचा तापवलेला पातळ थर. विषारी वायू त्याला शिवला की वरचा आकडा चढायचा. त्यात पॅलेडियमसारख्या किमती धातूची चिमूट पडली तर थर आणखी तिखट होतो, हे तिला सरांनीच शिकवलं होतं. सर अर्ध्या टक्क्यावर थांबले होते.

“परवा हायड्रोजनवर याने काय आकडा दिला, सर! तुमच्या यंत्राच्या दसपट.”

“हायड्रोजनवर...” सर म्हणाले. मग विचारलं, “वास येतोय?”

तीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतल्या एका अपघातानंतर सरांना कुठलाच वास येत नसे.

“येतोय. नासलेल्या अंड्यासारखा. थोडासा.”

तिने यंत्र दोरीने खाली सोडलं. भर दुपार होती. विहिरीच्या कपारी मोकळ्या होत्या. एकाही कपारीत पारवा नव्हता, घरटंही नव्हतं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

यंत्र वर आलं. शून्य.

“उतरू का मॅडम?” गणपतने विचारलं.

“उतरा.”

“थांब,” सर म्हणाले. “प्रज्ञा, वास येतोय?”

तिने वाकून श्वास घेतला. “नाही, सर. गेला. हवा साफ झाली.”

सरांचा चेहरा पांढरा पडला. गंधकाचा हा वायू वाढला की आधी नाकच बधिर करतो, हे ते स्वतः भोगून बसले होते. सत्तरीचा तो माणूस तिच्या दंडाला धरून तिला ओढत निघाला, थेट वाऱ्याच्या बाजूच्या कडुनिंबाखाली. “तुम्हीही या!” ते ओरडले. दोघे मागे आले.

तिचं डोकं ठणकत होतं. डोळे चुरचुरत होते. केव्हापासून, ते तिला आठवेना.

“गणपत, हातातलं कडं चांदीचं आहे?”

“बापाचं आहे जी.”

“दे.”

सरांनी नाकातोंडाला पंचा बांधला. श्वास धरून गेले, कडं दोरीला बांधून विहिरीत सोडलं आणि परत आले. पाव तास गेला. मग तसेच जाऊन ते वर ओढून घेऊन आले.

कडं तव्यासारखं काळं पडलं होतं.

गणपतने ते हातात घेतलं नाही. तो नुसता बघत राहिला. मेहुण्याने कमरेचा दोर सोडला.

प्रज्ञाने पिशवीच्या तळातून जुनं यंत्र काढलं. सरांच्या हातचं, अर्ध्या टक्क्याचं. नव्याशी तुलना करून दाखवायला तिने ते आणलं होतं. पंचा बांधून, श्वास धरून ती स्वतः गेली. ते विहिरीत हातभरही उतरलं नसेल, तोच त्याचा भोंगा किंचाळायला लागला. ते तिने झाडाखाली आणलं तरी त्याचं किंचाळणं थांबेना.

नव्या यंत्रावर अजून शून्य होतं.

तिने त्याचं झाकण उघडलं. आतली चकती भिंगाखाली धरली. इतकं पॅलेडियम, की खाली कथिल दिसतच नव्हतं. आणि त्या सगळ्या पॅलेडियमवर गंधकाची साय धरली होती; वायू थरापर्यंत पोचतच नव्हता.

“मी त्यांना उतरा म्हणाले होते, सर.”

सरांनी जुनं यंत्र बंद केलं.

“दोघांची नावंसुद्धा मी नीट विचारली नव्हती...”

वारा पडला. दुपार तशीच ताठ उभी होती. प्रज्ञाने पुन्हा श्वास घेऊन पाहिला. काहीच नाही. मातीचा नाही, कडुनिंबाचा नाही, कसलाच वास नाही. तिच्या अंगावर काटा आला.

“सर,” ती कुजबुजली, “विहीर गप्प झालीय.”

“विहीर बोलतेच आहे,” सर म्हणाले. “गप्प कोण झालंय, ते बघ.”