बेलाच्या पानाची सुरी

कोणे एके काळी, राजासुद्धा केळीच्या पानावर जेवायचा तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी एक लोहार राहत असे. तोंडाचा फटकळ, पण हातात कसब असं, की लोक त्याचं फटकळ बोलणं हसत हसत ऐकून घेत.

बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या बुरुडांसाठी त्याने एक सुरी घडवली होती. तिच्या पाठीवर अंगठ्यापुरती खोबण होती. ओला बांबू चिरताना अंगठा त्या खोबणीत बसे. घसरून पात्यावर जात नसे. सुरी तयार झाली, की लोहार तिने एक बांबू चिरून बघायचा. मनासारखा चिरला, तरच मुठीवर तापलेल्या ठशाने बेलाचं पान उमटवायचा. नाही चिरला, तर चल पुन्हा भट्टीत!

एकदा राजधानीतला मोठा कारखानदार त्याच्याकडे आला. म्हणाला, "मामा, एकेक सुरी घडवून तुम्ही किती जणांना पुरणार? माझ्याकडे चाळीस भट्ट्या आहेत. तुमच्या घाटाच्या सुऱ्या मला करू द्या. खपेल ती तुमच्याच खुणेने, आणि तुमचा वाटा घरपोच येईल."

लोहार खूश झाला. का नाही होणार? राज्यात बुरूड काय थोडे होते!

"घ्या की!" तो म्हणाला, "हा घ्या दुसरा ठसाही. पण एक अट आहे, शेट. आधी बांबू चिरायचा, मग पान उमटवायचं. अट मोडलीत, तर ठसा परत नेईन."

"शब्द दिला!" कारखानदार म्हणाला.

पहिलं वर्ष छान गेलं. मग मागणी वाढली, आणि कारखानदाराला एक युक्ती सुचली. मुठींवर आधीच पान उमटवून त्यांचे ढीग लावून ठेवायचे. पातं आलं, की बसवलं! आता पान उमटलेली मूठ कोण फेकून देणार? बांबू चिरून बघणं बंद झालं, आणि येईल ते पातं तिच्यात बसू लागलं. खोबण उथळ होत गेली, आणि शेवटी नुसती रेघ उरली.

एके दिवशी एक बुरुडीण लोहाराच्या दारात आली. अंगठ्याला रक्ताने भिजलेली चिंधी होती.

"दादा, बेलाचं पान बघून डोळे मिटून घेतली हो ही सुरी! आता टोपल्या कशा विणू? पोरांना काय घालू?"

शेजारी म्हणाले, "ही तू कुठे घडवलीस? तुला काय त्याचं?"

लोहार भडकला. "पान माझं आहे ना? मग हिचा अंगठाही मीच कापला! बाई, जखम भरेपर्यंत तुझ्या घरची चूल माझ्याकडे लागली."

दुसऱ्या दिवशी त्याने तीच सुरी आणि एक ओला बांबू घेऊन कारखाना गाठला.

"शेट, चिरा."

कारखानदाराने सुरी धरली. रेघेवर अंगठा टेकवला. बांबूकडे पाहिलं, पात्याकडे पाहिलं, आणि अंगठा पटकन मागे घेतला. सगळ्या कामगारांनी ते पाहिलं.

"तुमच्या अंगठ्याला कळलं," लोहार म्हणाला. "आणा माझा ठसा."

ठसा घेऊन तो चालता झाला. जाताना बाजारात ओरडून सांगत गेला, "फसलेल्या सुऱ्या माझ्याकडे आणा, नीट करून देतो!"

ढिगातल्या मुठी संपल्या, तसं कारखान्याच्या सुऱ्यांवर पान दिसेना. बुरूड मूठ बघत आणि पुढे जात. दोन महिन्यांत चाळीसपैकी तीस भट्ट्या थंड पडल्या, आणि कारखानदार हात जोडून लोहाराच्या दारात उभा राहिला.

"मामा, चुकलं माझं. तुमची अट मान्य. ठसा द्या."

"देतो. पण तुमच्या हातात नाही."

लोहाराने ठसा बुरुडणीच्या हातात ठेवला. तेव्हापासून ती कारखान्याच्या दाराशी बसू लागली. प्रत्येक सुरीने ती आपल्या हाताने बांबू चिरायची, त्या व्रण पडलेल्या अंगठ्याने, आणि मगच पान उमटवायची. पुढे राज्यात त्या सुरीने कुणाचा अंगठा कापला नाही, आणि चाळीसही भट्ट्या पुन्हा पेटल्या.

बोध : आपलं कसब खुशाल दुसऱ्याला द्यावं, पण त्यावरच्या आपल्या नावाची राखण कधी सोडू नये.