गुरुजी डोंगर चढले

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे विसाजी नावाचे गुरुजी मुलांना दगडमातीची विद्या शिकवत. शिकवत ते ओसरीवर बसून, कारण डोंगर चढताना धाप लागते. "मुरमात पाणी, कातळ कोरडा," मुलं सुरात म्हणत आणि गुरुजी समाधानाने मान डोलावत.

एका वर्षी गावची विहीर आटली. नवी विहीर खणायची ठरली. एकच खणण्याइतकं बळ गावात उरलं होतं. ती कोरडी निघाली तर गाव सोडावं लागणार होतं. पाटलांनी गुरुजींना जागा विचारली. गुरुजींनी ओसरीवरूनच मुरमाड उतरणीकडे बोट दाखवलं.

त्यांची शिष्या सगुणा म्हणाली, "गुरुजी, आधी बघून येऊ या का?"

गुरुजी कुरकुरत निघाले. उतरणीवर मुलांनी हातभर उकरलं. नुसती धूळ! खाली कातळाच्या कडेला मात्र ऐन उन्हाळ्यात गवत हिरवं होतं.

"कातळ आहे तो. चला परत," गुरुजी म्हणाले.

"मग हे गवत कशावर जगतंय?" सगुणाने विचारलं.

गुरुजींनी डोळे वटारले. पण मुलं ऐकतात होय? त्यांनी कातळ चाचपला. त्याला भेगा होत्या आणि खाली तांबड्या चिकणमातीचा थर होता. तो ओलसर लागला.

दुसऱ्या दिवशी उतरणीवर गाव जमलं. नारळ एकदा फुटला की विहिरीची जागा बदलायची नाही, अशी तिथली रीत. पाटलांनी नारळ उचलला. मुलं गुरुजींच्या तोंडाकडे बघत होती. गप्प राहिले असते तर गुरुजींचा मान राहिला असता. कोरडी विहीर काय, नशिबावर ढकलता आली असती.

गुरुजींनी पाटलांचा हात धरला. "थांबा पाटील. माझं चुकलं. हा डोंगर मी कधी चढलोच नव्हतो."

"मग इतकी वर्षं शिकवलंत काय?"

"पाठ केलेलं. पाणी कुठे आहे ते आता मुलं सांगतील."

सगुणा सगळ्यांना कातळाशी घेऊन गेली. "वरचं पाणी भेगांतून उतरतं आणि या तांबड्या मातीवर अडतं. हात लावून बघा."

पाटलांनी हात लावून बघितलं आणि तिथेच नारळ फोडला.

खणताना लोकांनी गुरुजींना टोमणे मारले. ते त्यांनी मुकाट्याने ऐकले. मग एका दुपारी पहारीखालचा दगड निखळला आणि भेगेतून पाण्याची धार लागली. गुरुजी सगळ्यांदेखत रडले. त्यात लाज कसली!

पुढे एकदा शाळेत कुणीतरी विचारलं, "गुरुजी, पलीकडच्या टेकडीची माती पांढरी का?"

"मला ठाऊक नाही," गुरुजी आनंदाने म्हणाले आणि चपला शोधू लागले.

तात्पर्य: जमिनीची विद्या जमिनीवर जाऊन, प्रश्न विचारूनच येते; आणि आपली चूक कबूल करणारा गुरूच ती शिकवू शकतो.