राजाच्या बसण्यातला हत्ती

एका रानात सिंहाने आपला म्हातारा हत्ती स्वस्तात काढून टाकला आणि कोल्ह्याने तो मिरवत घरी आणला. "राजाच्या बसण्यातला आहे," असं तो भेटेल त्याला ऐकवी. हत्तीच्या गुडघ्यांना साधं तेल चालत नसे, राजवैद्याचंच लागे. त्या तेलापायी कोल्हीण दुसऱ्यांच्या उसात राबून अर्धी झाली.

तिच्या बहिणीच्या लग्नाला दोघं हत्तीवरून निघाली, तर भर ओढ्यात हत्तीने बसकण मारली ती मारलीच. मागून गाढवावर बसून ससा आला. "वहिनी, बसा मागे. अक्षता पडतील आता."

कोल्हा वरूनच गुरकावला, "गाढवावरून चोरांची धिंड काढतात."

कोल्हीण पाण्यात उतरली आणि गाढवावर चढली. "आपली रोज हत्तीवरून निघते," ती म्हणाली.